चौथा त्रिकोण

बाई, परवा दुपारी शाळा सुटल्यावर मी एका मुलीला आपली ती गोष्ट खरी खरी सांगितली. मुलगी म्हणजे लहान नव्हे, आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी लागलेली पहिलीची शिक्षिका. पण माझ्या या वयात तिशीच्या आतलं सगळंच मला मुलगी वाटतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं होत आली. मी तुम्हाला कधीच पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा लिहायची गरज नव्हती, आणि नंतर लिहून टाकायचं कुठल्या पेटीत? आज रविवार आहे, कुंभारी गावच्या घरात मी एकटी आहे, तपासायच्या वह्या समोर तशाच पडल्या आहेत आणि मी त्यांच्यातलंच एक कोरं पान फाडून घेतलं आहे. हे वाचून तुम्ही काय म्हणाला असता याचा विचार केला तर एक ओळ पुढे जाणार नाही, म्हणून तो करत नाही.

श्रीपूरजवळच्या त्या दोन शिक्षकांच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती आणि पहिलीचा वर्ग कसा धरायचा हेही ठाऊक नव्हतं. दोन्ही तुम्ही शिकवलंत, आणि एकाच खोलीत. तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. रविवारची सकाळ आहे, ज्वारीच्या पिठाची परात एका बाजूला आणि लग्नपत्रिकांचा ढीग दुसऱ्या बाजूला. आसपास कुणाचंही लग्न झालं की उरलेल्या पत्रिका तुमच्याकडे यायच्या. लोक स्वतःहून आणून द्यायचे, “बाई, कागद जाड हाय, बगा पोरास्नी चालतोय का.” अक्कलकोटकडच्या सोयरिकीतल्या पत्रिका कानडी असायच्या, त्यांचा कागद सगळ्यांत जाड. कापायला घेण्याआधी तुम्ही पत्रिकेवरचा गणपती हलकेच कापून काढायचात, बौद्ध घरांतून आलेल्या पत्रिकांवरचे बुद्धही तसेच, आणि सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवायचात. पोरांच्या पायाखाली यायला नकोत, एवढंच तुमचं कारण. वधूवरांची आणि त्यांच्या मामाकाकांची मात्र गय नव्हती, त्यांचे खुशाल त्रिकोण आणि चौकोन व्हायचे. मग तव्यावर भाकरी फुगेपर्यंत तुमचे पाच-सहा त्रिकोण कापून झालेले असायचे.

तुम्ही मला पहिल्यांदा बोललात ते त्या त्रिकोणांवरूनच. मी शहाणपणा करून चार-चार पत्रिका एकावर एक ठेवून कापत होते, झटपट उरकावं म्हणून. तुम्ही माझे तुकडे उचललेत, एकेक करून दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरलेत आणि उठून सगळी मूठ पाणी तापवायच्या बंबात टाकलीत. मला रडूच आलं. तुम्ही म्हणालात, “एक बाजू दोऱ्याएवढी जास्ती झाली की तुकडा तुकड्याला लागत न्हाय. पोराला वाटतं आपलंच चुकलं. चूक तुज्या कात्रीची आन शिक्षा त्याला, व्हय?” तेव्हापासून आजपर्यंत मी दोन कागद एकत्र कापलेले नाहीत. घरी बाळाची झबली बेततानासुद्धा नाही.

दुसरी गोष्ट हातांची. पोरं तुकडे जुळवत असताना आपले हात पाठीमागे ठेवायचे, डाव्या मनगटाला उजव्या हातानं धरायचं आणि सोडायचं नाही. दोन त्रिकोण पाठीला पाठ लावले की पतंगासारखा चौकोन होतो हे सांगायचं नाही. सहा त्रिकोणांचं फूल होतं हे दाखवायचं नाही. तोंडानं नाहीच, पण डोळ्यांनी, बोटानंही नाही. “बोट लई चोमडं असतं,” तुम्ही म्हणायचात. “तू दावलंस की ते तुजं झालं. त्याला गावलं की त्याचं.” वर्गात आपण दोघी अशा हात मागे बांधून फिरायचो आणि दारात उभे राहिलेले पालक हसायचे, बायका पोलिसात लागल्यात की काय म्हणून. मला मात्र ते सोपं नव्हतं. मूल पाच वेळा चुकलं की माझी बोटं नुसती शिवशिवायची. तुमची कधी शिवशिवली का, हे विचारायचं राहून गेलं.

आता गोष्टीतल्या त्या लहान मुलीबद्दल. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबातली ती, पाचटाच्या कोपीत राहणारी, सहा-सात वर्षांची. सकाळी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, त्याला वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर निजवायची आणि मग स्वतः बसायची. अक्षराला घाबरायची, पण तुकड्यांची टोपली दिसली की पुढे सरकायची. दोन त्रिकोणांचं सगळं तिला जमलं होतं. मग तुम्ही तिच्यासमोर चार सारखे त्रिकोण ठेवलेत आणि एवढंच म्हणालात, “ह्येचा एकच मोठा कर.” तिनं खाली दोन लावले, वर एक ठेवला, आणि मध्ये भोक राहिलं. चौथा तुकडा तिनं त्या भोकावर ठेवला, टोक वर करून. बसेना. फिरवला, पुन्हा टोक वर. तिन्ही बाजू सारख्या, त्यामुळे फिरवून फिरवून तो तसाच दिसायचा, आणि अर्धाच फिरवून टोक खाली करावं हे तिला सुचत नव्हतं. सगळे तुकडे उभे आहेत मग हाच उलटा का असेल, असं तिला वाटत असणार. रोज टोपली आली की ती तेच चार तुकडे मागायची. तुम्ही रोज म्हणायचात, थांब. मी थांबत होते, बाई. आठवडाभर तरी मी खरोखर थांबले होते.

आणि मग शाळा तपासायला साहेब आले. तुकड्यांच्या खेळात वेळ जातो, पहिलीला पाटीवर अक्षरं का नाहीत, अशी तक्रार कुणीतरी वर केली होती. त्या दिवशी साहेबांनी ‘बंद करा’ म्हटलं असतं तर तुमची दहा-बारा वर्षांची मेहनत बंबात गेली असती, हे तुम्हाला कळत होतं आणि मलाही. तुम्ही पहाटेपासून दोन वेळा वर्ग झाडला होतात. साहेब वर्गात हिंडले, त्या मुलीपाशी थांबले आणि म्हणाले, “हिचं काय चाललंय?” तुम्ही म्हणालात, “बघा साहेब, सापडतंय का तिला.” मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले होते, हात पाठीमागे. तिनं तीन लावले. चौथा ठेवला, टोक वर. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी तुमच्याकडे हजेरीपट मागितला, तुम्ही तो घ्यायला टेबलाकडे वळलात, साहेबही वळले, आणि माझा उजवा हात मनगट सोडून पुढे आला. एका बोटानं मी तो तुकडा अर्धा फिरवला आणि भोकात सरकवला. बसला. किती वेळ लागला असेल? तुम्ही हजेरीपटाचं पान उलटलंत तेवढाच.

तुम्ही परत वळलात आणि तो मोठा त्रिकोण पाहिलात. “कुणी सांगितलं हिला?” तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, “कुणी नाही बाई. तिनंच केलं.” माझा हात तोवर पुन्हा पाठीमागे गेला होता. तुमचे डोळे भरून आले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पोरांनी वाजवल्या, झोपलेलं ते बाळ दचकून उठलं, आणि साहेबसुद्धा हसले. त्यांनी शेऱ्यात चांगलं लिहिलं, तुमची टोपली वाचली. मुलगी टाळ्या वाजत असताना माझ्याकडे बघत होती. तुम्ही साहेबांना फाटकापर्यंत सोडायला गेलात तेव्हा तिनं मधला तुकडा दोन बोटांनी काढला आणि माझ्या मांडीपाशी सरकवला. “ह्यो तुमचा हाय,” ती म्हणाली. रागानं नाही, पडलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी तसं. मग उरलेले तीन टोपलीत टाकून ती भावाला उचलायला गेली. त्यानंतर तिनं तुकडे मागितले नाहीत. थोड्याच दिवसांत कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, बैलगाड्या निघून गेल्या. पुढच्या हंगामात ते कुटुंब आपल्याकडे आलं नाही.

मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगणार होते. पण संध्याकाळी तुम्ही मला इरकल साडी दिलीत, स्वतःसाठी घेऊन ठेवलेली, घडीही न मोडलेली. म्हणालात, “तुजा हात ऱ्हायला मागं, म्हणून तिला गावलं.” साडी अंगावर धरून बघायला लावलीत. त्यानंतर काय सांगायचं होतं, बाई? उद्या सांगू म्हटलं, आणि तो उद्या लांबत गेला. मग ती गोष्ट माझ्या हातात राहिलीच नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत तुम्ही ती सांगितलीत, तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलीत, आणि दर वेळी माझ्याकडे हात करून ‘ह्या बाईंनी धीर धरला’ म्हणालात. लोक वळून बघायचे आणि मी खाली बघायचे; लोकांना तो विनय वाटायचा. पुढे मी स्वतः प्रशिक्षणं घ्यायला लागले आणि तुमच्या पश्चात तीच गोष्ट मी सांगत आले. तुमच्या तोंडी ती आठ दिवसांची होती. माझ्या तोंडी पंधरा दिवसांची झाली, आणि गेल्या काही वर्षांत तर तीन आठवड्यांवर गेली होती. खोटं एकदा पचलं की त्याला बाळसं धरायला वेळ लागत नाही.

शेवटच्या दिवसांत तुम्ही सोलापुरात दवाखान्यात होतात तेव्हा मी चार वेळा आले. तिसऱ्या खेपेला मी ठरवून आले होते. रिक्षात बसून वाक्यं जुळवली होती, अगदी पहिलं वाक्य कुठलं ते सुद्धा. तुम्ही मला पाहून उठून बसायचा प्रयत्न केलात आणि सलाईन बघायला आलेल्या सिस्टरला म्हणालात, “ही आमची. हिला वाट बघता येते.” सिस्टर हसली. मी तुमच्या पायावरची चादर नीट केली, मोसंबी सोलली, तुम्हाला दोन फोडी भरवल्या आणि बसने घरी आले. तुम्ही थकला आहात, आता कशाला त्रास, असं मी बसमध्ये स्वतःला सांगितलं. त्रास मला होणार होता, तुम्हाला नव्हे, हे तेव्हाही कळत होतं.

इतकी वर्षं मी असं धरून चालले की या खोट्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. उलट भलंच झालं. कितीतरी शिक्षकांनी पोरांना घाई करणं सोडलं. तुमचं म्हणणं खोटं नव्हतंच, फक्त त्याचा पुरावा खोटा होता. पण आमच्या या पहिलीच्या बाईंनी तो पुरावा खरा मानला. करमाळ्याकडची शेतकऱ्याची मुलगी, साधी, सांगितलं तेवढं मनापासून करणारी. मी इथे मुख्याध्यापिका; ती रुजू झाली त्या दिवशीच मी तिला ती गोष्ट ऐकवली होती. तिच्या वर्गात एक लहानगी आहे, घरात तेलुगू बोलतात, आई टॉवेलच्या कारखान्यात जाते. या लहानगीला दोन तुकड्यांचा चौकोनही जमेना. आमच्या बाईंनी हात मागे बांधले आणि वाट बघत राहिल्या. एक आठवडा, दोन, पाच. बाकीची मुलं फुलं, घरं, मासे करून पुढे गेली आणि ही त्याच दोन तुकड्यांसमोर. हळूहळू ती तुकडे सतरंजीखाली लपवायला लागली. मग टोपली दिसली की “वद्दु, वद्दु” म्हणून रडायला लागली, म्हणजे नको, नको. गेल्या आठवड्यात तिची आजी तिला ओढत फाटकापर्यंत आणायची आणि ती फाटकाचे गज धरून आत यायला नाही म्हणायची.

शुक्रवारी दुपारी आमच्या या बाई माझ्या ऑफिसात आल्या, हातात अर्ज. पहिली नको, चौथीचा वर्ग द्या, म्हणून. मी कारण विचारलं तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. “मॅडम, तुमच्या त्या ऊसतोडीच्या पोरीला जमलं. तुमी तीन आठवडे थांबला. मी पाच आठवडे थांबले की. मग माज्यात काय कमी हाय? माज्या थांबण्यातच काय तरी वाईट असंल. त्या लेकराला माजी भीती बसली, मॅडम. मी पहिलीला शिकवायच्या लायकीचीच न्हाय.” मी पेन उघडलं होतं, बाई. सही करायला काहीच अडचण नव्हती. चौथीला जागा होती, कुणी विचारलं नसतं, आणि ही मुलगी जन्मभर स्वतःला नालायक समजत राहिली असती माझ्या त्या एका बोटापायी. त्या क्षणी मला माझीच इतकी चीड आली की पेन टेबलावर आपटलं गेलं, आणि ती घाबरून दोन पावलं मागे झाली.

मग मी सांगितलं. खुर्चीत बसून नाही, उठून दार लावलं आणि तिच्याशेजारच्या बाकावर बसून सांगितलं. टोक वर केलेला तुकडा, हजेरीपट, माझं बोट, ‘तिनंच केलं’, आणि त्या मुलीनं तुकडा परत दिला तेसुद्धा. तीन आठवडे नव्हते, आठवडाभरच होता, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.   ती पदरानं नाक पुसून म्हणाली, “म्हंजे तुमाला पण धीर न्हवता.” मी म्हटलं, नव्हता. ती म्हणाली, “मग त्या पोरीला कदी जमलं?” मी म्हटलं, मला माहीत नाही, मी कधी शोध घेतला नाही. माझ्याच कानांना ते वाईट वाटलं. तिनं अर्ज उचलला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. त्याचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

काल शनिवारची सकाळची शाळा. मी खिडकीतून पाहिलं. लहानगीला आजीनं वर्गाच्या दारात आणून सोडलं होतं आणि ती चौकटीला धरून उभी होती. पहिलीच्या बाई जमिनीवर बसल्या होत्या, हात पुढे, मोकळे. त्यांनी दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून चौकोन केला, मोडला, पुन्हा केला, तिच्याकडे न बघता, स्वतःशीच खेळावं तसा. चार-पाच वेळा. मग लहानगी हळूच येऊन शेजारी बसली. तिनं तुकड्यांना हात लावला नाही. बाईंच्या मांडीवर मात्र हात ठेवला. एवढंच झालं, मी ते वाढवून सांगत नाही. तुमची रीत मोडली गेली, बाई, माझ्या शाळेत आणि माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी खिडकीतून बाजूला झाले. तुम्हाला हे पटलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही माझ्याहून कितीतरी जास्त पोरं पाहिली होतीत. कदाचित कुठल्या पोरासमोर हात मागे ठेवायचा आणि कुठल्यासमोर पुढे करायचा, हे तुम्हाला कळत होतं आणि मी फक्त मनगट धरायला शिकले.

एक राहिलं. ते लिहायचं नव्हतं, म्हणून इतका वेळ बाकीचं लिहीत बसले. शुक्रवारी ऑफिसातून निघताना ती दारात थांबली आणि तिनं विचारलं, “मॅडम, तुमच्या त्या बाईंना हे माहीत होतं?” मी लगेच म्हणाले, “होय तर. त्यांना सगळं कळायचं. त्यांनी मला केव्हाच माफ केलं होतं.” तिला बरं वाटलं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही बरं वाटलं. रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की एका तासात मी एक खोटं खोडलं आणि दुसरं लिहिलं. आणि हे दुसरं नवीन नाही, बाई. एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की तुम्ही तो हात पाहिला असणार, तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही, उगाच माझी लाज राखलीत. तसं नव्हतं. तुम्ही हजेरीपट बघत होतात. तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.